रूळ उजव्या हाताला

आत्या, तुझी घोंगडी अजून गच्चीवर वाळतेय.

खरी नाही गं. खरी अण्णांनी तेराव्यानंतर गावाकडं नेली. मी म्हणतेय ती मोबाईलच्या नकाशातली. मुकुंदवाडीवर यायचं, स्टेशनच्या पत्र्यावरून आपल्या गल्लीत शिरायचं आणि दोन बोटांनी ताणत ताणत घर मोठं करायचं, की आपल्या पांढऱ्या गच्चीच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन दिसतो. पाण्याची टाकी नव्हे, टाकी जिन्याच्या बाजूला आहे. ती तू ऊन द्यायला टाकलेली घोंगडीच. तू असताना हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. आपण दोघी सदानकदा जालना रस्त्यावरच्या करमाडकडंच डोळे लावून बसायचो, स्वतःच्या घराकडं कोण बघतं?

तू गेल्यावर पहिल्यांदा तो चौकोन दिसला तेव्हा मी मोबाईल पालथा टाकून रडले. आता रडत नाही, बघते. आणि डोक्यात येतं, फोटो काढला त्या घडीला तू कुठं असशील? खाली पायरीवर बसून शेजारणीशी भांडत होतीस, की आत पलंगावर गुडघे चोळत होतीस? आभाळातल्या त्या यंत्राला तू दिसली नाहीस, तुझी घोंगडी तेवढी दिसली. एक दिवस नवा फोटो येईल आणि कोपरा रिकामा होईल. तोवर नकाशावाल्यांच्या लेखी तू आहेस. म्हणून म्हटलं, तोवर तुला सगळं सांगून टाकावं. आपलं भांडण मिटलंय आत्या. उजवं की डावं, ते कळलं.

पण पहिल्यापासून सांगू दे. तुला मधून गोष्ट सांगितलेली चालायची नाही.

तू माझ्याकडं आलीस ती गुडघ्यांमुळं. जन्मभर भावाच्या मेंढरांबरोबर चाललेली बाई माझ्या दोन खोल्यांत येऊन बसली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "मंगे, आता मी काय भिंती चरू का?" मी सकाळी कंपनीच्या बसनं शेंद्र्याला पॅकिंगच्या कामाला जायची ती संध्याकाळी यायची. दिवसभर तू आणि स्टेशनावरच्या गाड्यांचे भोंगे. बस कुठवर आली ते बघायला मी रोज नकाशा उघडायचीच, तर एका सुट्टीला तो तुझ्या पुढ्यात धरला. म्हटलं, हे बघ, असं बोट सरकवलं की गाव सरकतं.

तू वाकून बघितलंस आणि कपाळाला हात लावलास. "अगं बया! एवढं पाणी! कुणाचं गं?"

शेंद्र्याच्या कंपन्यांचे निळे पत्रे होते ते.

"छपरं आहेत आत्या. पत्र्याची."

"मंग निळी कशापायी?"

"मला काय माहीत? असतात निळी."

"इतकी वर्सं जातीस तिथं, आन् म्हाईत नाय?"

खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला कंपनीचा रंग आहे. म्हटलं, शेजारच्या कंपनीचाही निळाच आहे की. त्यावर तो म्हणाला, मॅडम, तुम्ही बॉक्स मोजा. तुझा तो प्रश्न अजून तसाच पडलाय. तू मात्र पुढं कितीतरी दिवस निळं दिसलं की आधी "पाणी!" म्हणायचीस आणि मग स्वतःच जीभ चावायचीस. एकदा मी सांगितलं, हा निळा ठिपका म्हणजे आपण, आत्ता बसलोय ती जागा. तर म्हणालीस, "मंग आपुन पाणी का पत्रा?" मला इतकं हसू आलं, की मोबाईल हातातून सुटून वरणात पडता पडता राहिला.

दिशांवरून तर आपली रोजची जुंपायची. मी मोबाईल उभा धरून सांगायची, वर उत्तर असते. तू म्हणायचीस, "वर आभाळ आस्तं." मग तो माझ्या हातातून घेऊन सरळ फरशीवर ठेवायचीस, दाराशी बसून उगवतीकडं तोंड करायचीस आणि मोबाईलच गोल फिरवायचीस, जालन्याचा रस्ता खऱ्या जालन्याकडं जाईपर्यंत. त्यात नकाशा स्वतःहून गर्रकन उलटा व्हायचा. मग तू त्याला शिव्या घालायचीस, "नीट ऱ्हा की मेल्या!" गल्लीतल्या बायकांना वाटायचं, म्हातारी कुणाला तरी झापतेय.

एकदा कामावरून आले तर तू गच्चीवर, गुडघ्यांची बोंब विसरून, आभाळाकडं बघून हात हलवत होतीस. मी घाबरले. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "उंद्या बघू, दिसती का." मी सांगितलं, आत्या, हे फोटो ताजे नसतात, कधीचे तरी असतात. तुझं तोंड पडलं. मग जरा वेळानं तू विचारलंस, "म्हंजी लई जुना फोटू आसला, तर त्यात मी मेंढरामागं आसंन?"

ह्या तुझ्या एका वाक्यानं आपल्याला किती फिरवलं, ते पुढं सांगते. त्या वेळी मी फक्त हो म्हटलं आणि तुला सालांची पट्टी दाखवली. बोटानं मागं सरकवली की जुने फोटो येतात. आत्या, ती पट्टी हातात आल्यावर तू लहान झालीस गं. पुढं नेलं की पत्रे उगवायचे, मागं नेलं की ज्वारीची रानं परत यायची. पुढं नेलं की प्लॉट पाडायच्या पांढऱ्या रेघा, मागं नेलं की बांध. तू निळे पत्रे पुसायचीस आणि परत मांडायचीस, पुसायचीस आणि मांडायचीस. "ह्या बाभळीखाली आमचं पाल व्हतं," म्हणायचीस, "आता तिच्यावर ट्रक हुबा ऱ्हातो." वाईट वाटतं का, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "ट्रकाला बी सावली लागती का, त्ये बघतीया."

आणि मग एक दिवस तू कपाटावरचा डबा काढायला लावलास.

साधा कडीचा स्टीलचा डबा. कुणाचंही नाव न घातलेला. तो मी लहानपणापासून नाही, त्या दुष्काळापासून बघत होते. ज्या साली मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, तो दुष्काळ. तुम्ही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघाला होतात, जालन्याच्या पुढं जायचं होतं. तुला वाटेत ताप भरला. करमाडच्या अलीकडं एका बाईनं तुला तिच्या विहिरीवर बसवलं, घोड्याला आणि कोकरांना पाणी पाजलं आणि ह्या डब्यात ज्वारीची आंबील भरून दिली. "डबा ऱ्हाऊ दे," म्हणाली, "परतीला दे." पण परतीला कळपच उरला नाही. अर्धी मेंढरं मेली, अर्धी विकली, आणि तुम्ही टेम्पोत सामान टाकून आलात. ती जागा जवळ आली तशी तू मागून केबिनवर थापा मारल्यास. ड्रायव्हर थांबला नाही.

"दुसऱ्याचा डबा घरात ठिऊन मराया नको वाटतं," तू म्हणालीस. "आन् रिकामा बी न्यायचा नाय. तिनं आंबील दिली, आपुन आंबील न्यायची."

मी म्हटलं, आंबील सांडेल, लाडू करून नेऊ. त्यावर तू माझ्याकडं असं बघितलंस, की मी लाडूचं नाव टाकलं.

आता ती विहीर शोधायची. तुझ्याकडं खुणा होत्या. विहिरीच्या कडंला जोडीनं उभी दोन कडुलिंबाची झाडं. मागं मोसंबी. आणि जाताना, म्हणजे करमाडकडं तोंड केल्यावर, रेल्वेचा रूळ उजव्या हाताला. एवढं पुरेसं आहे, मला वाटलं. मी अण्णांना फोन लावला. माझे वडील, तुझा धाकटा भाऊ, वाटेचा मालक. त्यांना विचारलं, त्या दिवशी चिकलठाण्यापासून कसे गेलात?

"रुळाच्या पल्याडनं. रानातनं. रूळ डाव्या हाताला ठिऊन गेलो."

"आत्या म्हणते उजव्या हाताला."

"आक्काला ताप व्हता. तापात डावं-उजवं काय कळतंय? आन् कसली विहीर? त्या साली पाणी कोण कुणाला देत व्हतं? विहीर बी नव्हती आन् बाई बी नव्हती. डबा घेतला आसंल कुठल्या तरी बाजारात."

फोन स्पीकरवर होता. तू ऐकलंस.  मग तू मोबाईलकडं तोंड करून म्हणालीस, "नाम्या, मी खोटी का रं?" आणि अण्णांनी फोन ठेवला.

तिथून पुढं तो डबा नुसता परत द्यायचा राहिला नाही. तू खोटी नाहीस, हे अण्णांना दाखवायचं होतं. मी तुझ्यापेक्षा इरेला पेटले. रुळाच्या पलीकडचं सगळं रान मी त्या सालच्या फोटोत विंचरून काढलं. काळा गोल दिसला की विहीर, विहीर दिसली की तुला हाक. तू चष्मा लावून यायचीस, बघायचीस आणि म्हणायचीस, "ही नाय." एकदा पांढरे ठिपके दिसले, मला वाटलं तुमचीच मेंढरं, मी ओरडतच तुला दाखवले. तू म्हणालीस, "मेंढरं अशी वळीनं बस्त्यात व्हय? सिमेंटच्या गोण्या हायेत त्या." दुसरे कुणी दमले असते. आपल्याला मात्र ते शोधणंच गोड लागलं होतं. खरं सांगू, मला कधी कधी वाटायचं, लवकर सापडू नये.

आणि प्रत्येक वेळी शेवट त्याच भांडणानं. मी म्हणायची, आत्या, अण्णांची वाट धरली तर रूळ डावीकडं येतो, तुझी चूक होतेय. तू म्हणायचीस, उजवीकडं. मी हाताला धरून दाखवायची, हा उजवा ना? तू म्हणायचीस, "जेवती त्यो हात मला शिकवती का गं तू?" त्या शेवटच्या रविवारी तर मी चिडून म्हटलं, जाऊ दे, उजवं तर उजवं. तू ते ऐकलंस. तुला ते मुळीच आवडलं नाही. "जाऊ दे म्हनून नगं म्हनूस. पटलं तर म्हन," म्हणालीस.

मग एका सकाळी तू चहा मागितलास आणि तो प्यायला थांबली नाहीस.

तेराव्याला गावाकडून बरीच माणसं आली. तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं चालणारी सरूमावशीही आली, आता पार वाकलीय. ती आणि मी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. मी तिला डब्याची गोष्ट सांगितली, नकाशाची सांगितली, आणि म्हटलं, मावशी, आत्यानं शेवटपर्यंत रूळ उजवीकडं धरला, अण्णांच्या वाटेवर तर तो डावीकडं आहे.

सरूमावशीनं घासणी थांबवली. "नाम्याच्या वाटंवर तिचा काय संबंध?"

"एकत्रच होतात ना तुम्ही?"

"बाया कवा मेंढरामागं जात्यात गं?" ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी भाकरी कशी करतात हे विचारलंय. "गडी मेंढरं घिऊन रानातनं जात्यात. आमी बाया सडकंनं. घोडं, पाल, कोंबड्या, लेकरं, बारकी कोकरं, समदं आमच्या संगं. सांच्याला मुक्कामावं गाठ पडायची. त्या दिशी आक्काला ताप व्हता, एक घोडं घिऊन ती मागं ऱ्हायली. आमी फुडं गेलो. विहीर-बिहीर आमी कुनीच न्हाई बघितली. पन ती व्हती सडकंलाच."

माझ्या हातात परात होती, ती मी खाली ठेवली.

आत्या! तू म्हणायचीस "आमी मेंढरामागं गेलो." अण्णा म्हणायचे "आपण रानातनं गेलो." सगळं घर तसंच बोलतं, आणि मला वाटायचं, सगळे एका वाटेनं गेले. धनगराच्या घरातल्या पोरीला हे सांगावं लागेल, असं तुला कसं वाटेल? पण तूच मला चालू दिलं नव्हतंस ना. आई गेल्यावर अण्णांशी भांडून मला वसतिगृहात टाकलंस, "ही शिकंल" म्हणालीस. मी शिकले. नकाशा वाचायला शिकले, आणि घरातल्या बायका कुठून चालतात तेच मला माहीत नव्हतं. तुझं म्हणणं खरं, अण्णांचंही खरं. रूळ एकच, तो तुम्हा दोघांच्या मधून गेला होता.

हात पुसून मी तिथंच अंगणात मोबाईल उघडला. तुझ्यासारखा जमिनीवर ठेवला. बोट रुळाच्या पलीकडून अलीकडं आणलं, जालना रस्त्याच्या कडेला. पट्टी त्या दुष्काळाच्या सालावर नेली. सगळं रान भाजल्यासारखं तपकिरी, आणि त्यात ओळीनं टाके घातल्यासारखे मोसंबीचे ठिपके. करमाडच्या अलीकडं. बागेच्या तोंडाला काळा गोल आणि त्याला चिकटून दोन हिरवे ठिपके. मी पट्टी पुढं नेली. पुढच्या फोटोत मोसंबी निम्मी. त्याच्या पुढच्यात एकही नाही. मग रस्ता रुंद झाला, मग एक निळा पत्रा आला. पण दोन हिरवे ठिपके प्रत्येक सालात होते. मी "आत्या" म्हणून हाक मारली. तोंडातून गेलीच. सरूमावशी म्हणाली, "रड, रड." मी रडत नव्हते गं, तुला बोलवत होते.

अण्णांना सांगितलं, तर त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला. मग म्हणाले, "दोन लिंबं कुठं बी आस्त्यात." मी म्हटलं, मग चला आणि तिथं येऊन सांगा.

आंबील मी केली. तुझ्यासारखी नाही झाली, लसूण जास्त पडला. डब्यात भरली आणि मुकुंदवाडीवरून आम्ही काळीपिवळी जीप धरली. डब्याचं झाकण ढिलं आहे हे तू मला कधी सांगितलं नाहीस. चिकलठाण्याला पहिला थेंब माझ्या साडीवर, शेंद्र्याला शेजारच्या बाईच्या पिशवीवर. "काय आंबलंय हो?" मागून कुणीतरी म्हटलं. लाडू नेले असते तर ही वेळ आली नसती, हे मी तुला तिथल्या तिथं मनात ऐकवलं. अण्णा खिडकीतून बघत होते आणि गुडघ्यावरचा हात उघडत-मिटत होते. निळा ठिपका, म्हणजे आपण, रस्त्यावरून सरकत सरकत त्या काळ्या गोलाशी आला, तशी मी ओरडले, "थांबवा!" हा ड्रायव्हर थांबला.

लिंबं होती, आत्या. दोन, जोडीनं, एकाची फांदी दुसऱ्याच्या अंगावर. निळा पत्रा म्हणजे कुणाला तरी भाड्यानं दिलेलं गोदाम. त्याच्या मागं छोटं घर, पुढं विहीर, तिच्यावर आता लोखंडी जाळी. दारात एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. गयाबाई तिचं नाव.

मी डबा पुढं केला. "हा तुमचा का?"

तिनं तो घेतला आणि बूड बघायला वाकडा केला. आंबील तिच्या पायावर सांडली. "असलं डबं लई व्हतं माझं. कुनी दिला?"

मी तुझी गोष्ट सांगितली. ताप, घोडं, कोकरं. ती ऐकत होती, पण तिला आठवत नव्हतं. "त्या साली सडकंनं कोन कोन गेलं, बाई," ती म्हणाली. "कुनाला दिलं, कुनाला हाकललं बी." अण्णा बाजेवर टेकले आणि माझ्याकडं बघून त्यांनी हळूच मान हलवली, की झालं, चल आता.  इथवर येऊन तू परत खोटी ठरणार होतीस.

तेवढ्यात गयाबाई म्हणाली, "घोडं म्हनला का? त्याच्यावं कोंबडी व्हती का? पाटीत?"

"व्हती!" अण्णा उभेच राहिले. "वर जाळं बांधलेली पाटी!"

"मंग ती बया व्हय! तिनं मला अंडं दिलं. ऊन ऊन. म्हनली, कोंबडीनं चालत्या घोड्यावं घातलंया. म्या म्हटलं, अगं तूच खा, अंगात ताप हाय तुझ्या. तर म्हनती कशी, फुकट पानी घेतलं तर कोकरं जगत नाहीत." गयाबाई हसायला लागली. "तवा तिच्या हातात म्या डबा दिला. अंडं घिऊन मोकळ्या हातानं कसं धाडू?"

आत्या, अंड्याचं तू मला कधीच सांगितलं नाहीस. इतक्या दुपारी बसलो, इतक्या वेळा ती गोष्ट सांगितलीस, आणि तिनं काय दिलं तेवढंच सांगितलंस. आधी तू दिलं होतंस, मग तिनं. आणि तू मात्र जन्मभर त्या डब्यापायी जिवाला घोर लावून घेतलास. का गं? विसरलीस, की तुझ्या लेखी अंडं म्हणजे काहीच नव्हतं? हे मला आता कुठल्याच पट्टीवर मागं नेऊन बघता येणार नाही.

अण्णा विहिरीच्या जाळीशी गेले आणि आत वाकून बघत राहिले.  मग माझ्याकडं न बघताच बोलले, "माझी मेंढरं त्या पल्याडनं गेली. रुळाच्या. तान्हेली. दोन तर तिथंच बसली ती उठलीच न्हाईत. आन् हितं पानी व्हतं."

तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं ते विहीर नाही म्हणत का होते. विहीर होती म्हटलं तर ती त्यांनी चुकवली, असं झालं असतं.

गयाबाईनं ते ऐकलं. ती उठून त्यांच्याशेजारी गेली. "दादा, एक घोडं आन् चार कोकरं व्हती म्हनून दिलं. तुमी कळप आनला आसता, तर म्या काठी घिऊन आडवी आले आसते. माझी मोसंबी मरत व्हती." आणि थांबून म्हणाली, "ती बी मेलीच म्हना."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. आणि हसले गं. तोंड वाकडं करून, डोळ्यांतून पाणी येत असताना हसले. "आली आसतीस?" म्हणाले. "व्हय तर," ती म्हणाली. मग तिनं आम्हाला आत बसवलं, तुझी, म्हणजे माझी आंबील तिघांना वाट्यांत ओतली आणि एक घोट घेऊन म्हणाली, "मीठ कमी पडलं, लसूण लई झाला." डबा तिनं घासला आणि फळीवर बाकीच्या डब्यांशेजारी पालथा ठेवला. थोड्या वेळानं बघितलं, तर त्यातला तुझा कुठला, मला ओळखता येईना.

निघताना मी तिथं उभं राहून नकाशावर खूण केली. खूण केली की तो नाव मागतो. मी काय लिहावं ह्याचा विचार करत होते आणि अण्णा सडकेच्या कडेला जाऊन उभे राहिले होते. तुझ्यासारखं, उगवतीकडं तोंड करून. करमाडच्या बाजूनं भोंगा आला. गाडी आली, रानातून, लांबून, आणि शहराकडं निघून गेली. ती पार दिसेनाशी होईपर्यंत अण्णांनी त्या अंगाचा हात वर धरून ठेवला होता. जेवायचा हात.

मग तो खाली घेतला आणि म्हणाले, "आक्काला सांग."

सांगितलं, आत्या.